फोनवर तोंड दिसत नाही

कॉटर्स बेंड, मिसिसिपी
९ सप्टेंबर १९९६

रोझेटा,

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनच करणार होते, पण माशांच्या कारखान्यातल्या करवतींनी माझे कान पार कामातून गेलेत. मी "काय? काय?" करत बसते आणि तू चिडतेस. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

आपला थर्मन गेल्या गुरुवारी पडला. माशांच्या पेट्या ट्रकमध्ये चढवत होता. मला मासे कापायच्या लाइनवर निरोप आला, "ओरा ली, तुझा भाऊ खाली बसलाय आणि उठत नाहीये." सुरा तसाच टाकून धावले. बर्फाच्या खोलीच्या दारात बसला होता, समोरून गार वारा येतोय आणि हा घामानं निथळतोय. एक हात छातीवर. चेहरा राखेचा. बाबांचा झाला होता तसा.

इथलं हॉस्पिटल बंद पडलं ते तुला कळवलं होतंच. त्या इमारतीत आता ट्रॅक्टरचे सुटे भाग मिळतात. मग मुकादमाच्या हातापाया पडून त्याचीच गाडी घेतली आणि पलीकडच्या जिल्ह्यात गेलो. तिथे आमच्या मागून आलेली गोरी माणसं आमच्या आधी आत गेली. शेवटी एक तरुण डॉक्टर आला. उभ्याउभ्या विचारतो, "दारू पितोस?" थर्मन म्हणाला, "नाही सर." "काल काय खाल्लंस?" "तळलेला मासा." झालं! डॉक्टर हसला. म्हणाला, "मग दुसरं काय होणार? गॅस आहे." पांढऱ्या औषधाची बाटली दिली आणि घरी पाठवलं. छातीला ना वायर लावली, ना काही.

थर्मन खूश आहे. सगळ्यांना सांगत सुटलाय की मी वाऱ्याने पडलो. पण हल्ली तो झोपतो ते उशा रचून, बसल्याबसल्या. आडवं झालं की गुदमरतं म्हणतो.

तुझं काय? मुख्याध्यापिकेची खुर्ची कधी मिळतेय? मी चर्चमध्ये सांगून टाकलंय. पाद्रीबाबांनी प्रार्थनेत तुझं नाव घेतलं, तेव्हा मला मागे तोंड लपवायला लागू नये म्हणजे झालं.

तुझी,
ओरा ली


मिलवॉकी
१७ सप्टेंबर १९९६

ताई,

तुझं पत्र शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढचा तास मी कसा घेतला ते माझं मला माहीत नाही. गॅस? उभ्याउभ्या? आणि तुम्ही दोघं "हो सर" म्हणून बाहेर आलात?

राग मानू नकोस, पण तुम्ही तिथे तोंडच उघडत नाही. डॉक्टर म्हणजे देव नव्हे. आवाज चढवायचा. "कार्डिओग्राम काढल्याशिवाय मी इथून हलणार नाही" म्हणायचं. मी असते तर त्या पोराची अशी शाळा घेतली असती की त्यानं मला खुर्ची आणून दिली असती.

आणि खाणं! ताई, तुझ्या त्या कॉलर्डच्या पालेभाजीत खारवलेल्या डुकराचा तुकडा पडल्याशिवाय तुझा चमचा फिरत नाही. मक्याच्या पावाला चरबी, माशाला चरबी. आई पन्नाशी ओलांडून थोडक्यातच गेली. बाबा तर त्याआधीच. आपल्या घरात साठी कुणी बघितली नाही, आणि तुम्ही अजून तेच पातेलं ढवळताय. मी इथे सगळं उकडून खाते. मीठ बंद. रोज संध्याकाळी भराभर चालते. डॉक्टरांनी सांगितलंय, तासभर चाला. थर्मनला मेम्फिसला न्या. तिथे हृदयाचे मोठे डॉक्टर आहेत. कसं न्यायचं ते मला विचारू नकोस, न्या.

खुर्चीचं म्हणशील तर बोर्डाचा निर्णय लांबलाय. चर्चमध्ये आता आणखी काही बोलू नकोस.

माझं ठीक चाललंय. फक्त खालचा जबडा फार ठणकतोय, डावीकडे. दातवाल्यानं एक दाढ काढली, तरी थांबत नाही. त्याला म्हटलं, चुकीची काढलीस की काय बाबा! डेल्फीन मॅडिसनहून दर शनिवारी आईला बघायला येते. पोरगी माझ्यावरच डाफरते, मी दमलेली दिसते म्हणे. या वयात कोण दमत नाही?

रोझेटा


कॉटर्स बेंड
२ ऑक्टोबर १९९६

रोझेटाबाई,

तुझं पत्र थर्मनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मिलवॉकीची राणी दरबार भरवून बसली वाटतं." हसला, आणि हसताना मध्येच थांबून छाती धरली.

तू म्हणतेस आवाज चढवा. चढवला. गेल्या आठवड्यात पुन्हा घेऊन गेले. खिडकीवरच्या बाईला म्हटलं, माझ्या भावाच्या छातीत कळा येताहेत, त्याची वायर लावून तपासणी करा. जरा मोठ्यानं म्हटलं, मान्य आहे, बहिरी आहे मी. तिनं पहारेकऱ्याला खूण केली. तो आला आणि कमरेवर हात ठेवून माझ्याशेजारी उभा राहिला. नुसता उभा राहिला. थर्मन म्हणाला, "चल ताई," आणि आम्ही आलो. आता सांग, अजून किती चढवू?

खाण्याचं बोललीस ते बरोबर असेल. पण बाजार होता तो बंद झाला. आता पेट्रोलपंपाला लागून एक दुकान आहे, तिथे डबे, वेफर आणि खारवलेलं मांस. हिरवं म्हणून जे काही मिळतं ते माझ्या परसात उगवतं. सफरचंद घ्यायला गाडीनं जावं लागतं आणि गाडी थर्मन चालवायचा. सुट्टीचं तर विचारूच नकोस. कारखान्यात न सांगता घरी राहिलं की नावापुढे खूण होते, चार खुणा झाल्या की घरी बसा. थर्मनच्या दोन झाल्या. त्याला दवाखान्यात नेलं म्हणून माझीही एक झाली.

आणि थर्मन मेम्फिसला का जात नाही ते तुला सांगते. तू तेव्हा लहान होतीस. बाबांना हॉस्पिटलात नेलं तेव्हा आपल्या काळ्या लोकांचे पलंग तळघरात असायचे, वाफेच्या बॉयलरजवळ. थर्मन त्यांच्यापाशी बसला होता. बाबा पाणी मागत होते. थर्मन जिना चढून वर गेला तर त्याला खाली हाकललं, पुन्हा गेला, पुन्हा हाकललं. तिसऱ्यांदा पाणी घेऊन आला तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून त्याला हॉस्पिटलाचा नुसता वास आला तरी पाय मागे फिरतात. तू त्याला भित्रा म्हण हवं तर. मी नाही म्हणणार.

काल घराच्या तीन पायऱ्या चढताना त्याला मध्येच बसावं लागलं. मला भीती वाटतेय, रोझेटा. तुझ्याकडे शिक्षण आहे, विमा आहे, लोक तुला मॅडम म्हणतात. तूच काहीतरी कर.

ओरा ली


मिलवॉकी
२० ऑक्टोबर १९९६

ताई,

केलं.

माझा फोनवरचा आवाज तुला आठवतो? तू ज्याला "साखर घातलेला" म्हणतेस तो. पालकांच्या तक्रारी, बोर्डाची माणसं, घराचं भाडं ठरवणं, सगळं मी त्याच आवाजात करते. काल सकाळी दार लावून घेतलं आणि मेम्फिसच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे फोन लावला. म्हटलं, "मी मिसेस हॉलिस, मिलवॉकीहून बोलतेय. आमच्या थर्मनच्या बाबतीत जे झालं त्यानं आम्ही फार व्यथित आहोत." पलीकडची मुलगी विरघळलीच. तिला वाटलं, कुणीतरी जुनी गोरी मालकीण आपल्या गड्याची काळजी करतेय. मी तिला तसं वाटू दिलं. चार नोव्हेंबरची वेळ मिळाली. तुमच्या मुकादमालाही त्याच आवाजात फोन केला. तुझ्या नावापुढे खूण होणार नाही.

फोन ठेवल्यावर मी खूप हसले. मग जरा वेळ खुर्चीतून उठवेना. हसायचंही त्राण राहिलं नाही बघ.

बाबांचं मला माहीत नव्हतं. थर्मनला सांग, मी जे बोलले ते मागे घेते. आणि त्याला हेही सांग की मेम्फिसला त्याचा पलंग वरच्या मजल्यावर असेल, मी विचारून घेतलंय.

इथली एक गंमत. मी संध्याकाळी चालते ना, तर आमच्या गल्लीत पोलिसांची गाडी माझ्यामागून माझ्याच चालीनं येऊ लागली. मी थांबले की ती थांबते. शेवटी काच खाली झाली, "कुणाकडे कामाला आहात?" मी म्हटलं, "त्या निळ्या दाराच्या घरात. मालकीण फार खडूस आहे, मीच ती." तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी. समोरच्या घरातल्या बाईनं पडदा सरकवला, ते मी पाहिलं. अकरा वर्षं राहतेय मी इथे, ताई. मग चालणं बंद केलं. डॉक्टर ब्रँट म्हणाले, "वजन वाढलंय, चालत का नाही?" काय सांगणार? म्हटलं, कंटाळा येतो. त्यांनी माझ्या कागदावर काहीतरी लिहिलं. दम लागतो म्हटलं तर म्हणाले, या वयात बायकांना होतं, शाळेचा ताणही असेल.

बीपीच्या गोळीनं वर्गात डुलकी येते, म्हणून सध्या अर्धीच घेते. डेल्फीनला कळवू नकोस.

रोझेटा


मेम्फिस
१२ नोव्हेंबर १९९६

रोझे, माझ्या बाळा,

थर्मन जिवंत आहे! हे मी हॉस्पिटलच्या खिडकीत बसून लिहितेय, खाली नदी दिसते.

त्या दिवशी तपासायला म्हणून गेलो आणि त्यांनी परत पाठवलंच नाही. मांडीतून नळी घालून हृदयाचं चित्र काढलं. डॉक्टर म्हातारा आहे, गोरा, पण खाली बसून बोलतो. मला म्हणाला, "मिस पेटिग्रू, तीन नळ्या जवळजवळ बंद आहेत. याला आधी एक झटका येऊन गेलाय. तेव्हा कुणी पाहिलं नाही?" मी म्हटलं, "पाहिलं, डॉक्टर. उभ्यानं पाहिलं." दुसऱ्याच दिवशी बायपास केली. अजून आठवडा गेला असता तर माणूस हाती लागला नसता म्हणाला.

शुद्धीवर आल्यावर थर्मनचं पहिलं वाक्य काय असेल? "मी कुठल्या मजल्यावर आहे?" मी म्हटलं, पाचव्या. म्हणाला, "खिडकी उघड." ती उघडत नाही, पण मी पडदा सारला. बराच वेळ आभाळाकडे बघत राहिला. मी तिकडे पाठ करून बसले, त्याला रडायचं असेल तर रडू दे म्हणून.

तुझ्या त्या साखर घातलेल्या आवाजानं तुझा भाऊ वाचवला. तिथली मुलगी विचारत होती, "त्या मिसेस हॉलिस तुमच्या कोण?" मी म्हटलं, "धाकटी बहीण." तिचा चेहरा बघायला तू हवी होतीस.

आता तुझं सांग. परवा फोनवर मला तुझे शब्द धड कळले नाहीत, पण दोन शब्दांमध्ये तुझा श्वास मात्र मला ऐकू आला, आणि मी तर बहिरी आहे. जिना चढून आलीस म्हणालीस. तुझं घर तर बैठं आहे, रोझेटा.

आणि गोळी पूर्ण घे. डेल्फीनला कळवणार नाही, पण पूर्ण घे.

ताई


मिलवॉकी
१९ जानेवारी १९९७

ताई,

दोन महिने लिहिलं नाही, रागावली असशील. नाताळला तू पाठवलेला रताळ्यांचा गोड केक पोचला. मी आणि डेल्फीननं तो उभ्याउभ्याच संपवला.

आधी जे लपवलं ते सांगते. खुर्ची मला मिळाली नाही. ऑगस्टमध्येच कळलं होतं. ती ज्याला दिली तो डॅनियल नावाचा मुलगा आहे, चांगला आहे बिचारा, सहा वर्षांपूर्वी मीच त्याला वर्गाकडे पाठ न करता शिकवायला शिकवलं. आता रोज सकाळी तो माझ्या खोलीत येतो, "रोझेटा, हे कसं करायचं?" आणि मी सांगते. ही तिसरी वेळ. बोर्डाच्या बाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की शाळेला माझ्यासारखी कणखर बाई आहे तिथेच हवी आहे. कणखर! तो शब्द ऐकला की हल्ली माझा जबडा दुखायला लागतो.

चर्चमध्ये तू काय सांगायचं ते सांग. मला आता लाज वाटत नाही. दमले आहे.

दुसरी गोष्ट. गेल्या मंगळवारी शाळेतून गाडी चालवत येताना पाठीत खांद्यांच्या दोन्ही फऱ्यांच्या मध्ये असं काही दाबलं गेलं, जणू कुणी मागून गुडघा रोवलाय. जबडा, डावा हात, सगळं जड. मळमळ. मी गाडी वळवली आणि सरळ मोठ्या हॉस्पिटलात गेले. स्वतः चालवत. कोट नीट, टोपी नीट, विम्याचं कार्ड हातात.

खिडकीवरच्या मुलीला माझा तो आवाज काढून सांगितलं. पण ताई, फोनवर तोंड दिसत नाही. इथे दिसत होतं. तिनं पहिला प्रश्न विचारला तो कार्ड माझंच आहे का. मग बसा म्हणाली. मी बसले. माझ्यासमोर एक गोरा गृहस्थ आला, गोल्फ खेळताना छातीत दुखलं म्हणे, त्याला खुर्चीवर बसवून पळवत आत नेलं. मी तिथेच. मनात म्हणत होते, ऊठ, आवाज चढव, तू तर सगळ्यांना शिकवतेस. आणि दुसरं मन म्हणत होतं, ओरडलीस तर तू तीच भांडखोर काळी बाई होशील, जी त्यांच्या डोळ्यांत आधीच आहे. मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले. आई बसायची तशी.

शेवटी आत नेलं. कार्डिओग्राम काढला, त्यात विशेष काही नाही म्हणाले. डॉक्टर मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिनं विचारलं, "घरी काही ताण?" मी म्हटलं, नाही. "कामावर?" मी हसले. तिनं लिहून टाकलं, चिंता. शांत झोप लागायच्या गोळ्या दिल्या. मेम्फिसच्या डॉक्टरांनी थर्मनला केली तशी नळीची तपासणी करता का, असं मी विचारलं. ती म्हणाली, तुमच्या बाबतीत त्याची गरज वाटत नाही. मी म्हटलं, "थँक यू."

ऐकलंस ना? मी थँक यू म्हटलं.

आता बरी आहे. तू येऊ नकोस, इथे हाडं गोठवणारी थंडी आहे आणि तुझ्या नावापुढे उगाच खूण होईल. ब्रँटसाहेबांची वेळ फेब्रुवारीच्या शेवटी मिळालीय.

रोझेटा


कॉटर्स बेंड
२५ जानेवारी १९९७

रोझे,

पत्र आत्ता मिळालं. मी येतेय. मुकादमाला सांगितलं, हव्या तेवढ्या खुणा कर, भिंत रंगव त्यांनी. मेम्फिसपर्यंत थर्मन सोडतोय, तो आता गाडी चालवतो, बोलतोसुद्धा पूर्वीपेक्षा जास्त. पुढे बस. बुधवारी पोचते.

तोवर फेब्रुवारीची वाट बघू नकोस. डेल्फीनला बोलाव, तिला सगळं सांग, तिला घेऊन पुन्हा जा. तुझा दात दुखत नव्हता गं. दाढ उगीच गेली. थर्मनच्या डॉक्टरानं मला सांगितलं होतं की बायकांना जबड्यात, पाठीत येतं. मी ते ऐकलं आणि माझ्याच डोक्यात आलं नाही, कारण मला वाटायचं की तू वाचलेली आहेस. तू उत्तरेला गेलीस, शिकलीस, उकडून खाल्लंस. मला वाटलं ते फक्त इथे, आमच्या पाठीमागे लागलंय.

आरडाओरड करायची असेल तर मी करीन. माझा आवाज आयता मोठा आहे. मला कुणी काय समजायचं ते समजू दे.

शाळेत जाऊ नकोस. त्या डॅनियलला एक दिवस स्वतःचं स्वतः करू दे.

ताई


मॅडिसन
३ मार्च १९९७

ओरा मावशी,

तू परत गेलीस आणि घर एकदम गप्प झालं. तिथे असताना माझ्याच्यानं बोलवलं नाही, म्हणून लिहितेय. तू बसमध्ये होतीस तेव्हाचं सगळं तुला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

आईनं मला बोलावलं नव्हतं. मंगळवारी ती शाळेत गेली. सभागृहात मुलांची सभा होती, डॅनियल बोलणार होता आणि माईक चालेना. आई मंचावर गेली, माईकशिवायच मुलांना गप्प केलं, तिला माईक कधी लागला होता? मुलं गप्प झाली. ती पायऱ्या उतरताना खाली बसली. सगळ्यांना वाटलं, मुद्दामच बसली. पुढच्या रांगेतली एक मुलगी मला म्हणाली, "मिसेस हॉलिस आमच्याकडे बघत होत्या, म्हणून आम्ही कुणीच बोललो नाही." त्या सगळ्या पोरी तशाच गप्प बसून राहिल्या, मावशी. तिला राग येईल म्हणून.

तुझं पत्र तिला सोमवारीच मिळालं होतं. तिनं मला फोन केला होता, हसत होती. म्हणाली, "तुझी मावशी येतेय, डुकराचा तुकडा घेऊनच येईल, पातेलं घासून ठेवते." माझ्याकडे त्यापलीकडे काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. दर शनिवारी तिचा चेहरा बघून मला कळत होतं, आणि मी तिच्यावर फक्त डाफरत होते.

डॉक्टर ब्रँट अंत्यविधीला आले होते, तू पाहिलंस. माझा हात धरून म्हणाले, "तुमच्या लोकांत हे रक्तातच असतं. तुम्हीसुद्धा जपा." पाद्रीही तेच म्हणाले, या घराण्याला देवानं नाजूक हृदयं दिली.

मी एकोणतीस वर्षांची आहे. परवा माझं बीपी तपासलं, वाढलेलं निघालं. ते खरं बोलतात का, मावशी? आपल्या रक्तातच आहे का हे? तसं असेल तर सांग. म्हणजे मी वाट बघत बसायला मोकळी.

तुझी,
डेल्फीन


मेम्फिस
१० एप्रिल १९९७

डेल्फीन, पोरी,

उत्तराला उशीर झाला. तू जे विचारलंस त्यावर मी बरेच दिवस मासे कापत विचार केला.

नाजूक हृदय म्हणे! तुझी आजी कापसाच्या शेतात बाळंत झाली आणि चौथ्या दिवशी परत शेतात गेली. तुझ्या मामानं बर्फाच्या खोलीच्या दारात झटका झेलला आणि वर दोन महिने पेट्या उचलल्या. तुझी आई पाठीत गुडघा रोवलेला असताना स्वतः गाडी चालवत गेली, टोपी सरळ ठेवून. ही हृदयं नाजूक असती तर आम्ही सगळे पाळण्यातच गेलो असतो. त्यांच्यावर काय काय लादलं, किती वर्षं लादलं, ते त्या पाद्रीनं सांगावं. आमच्या रक्तात काही असेल किंवा नसेलही, ते मला कळत नाही. पण बाबा पाणी मागत होते ते रक्तामुळे नव्हे. पोलिसांची गाडी तुझ्या आईच्या मागून चालत होती तीही रक्तामुळे नव्हे. तू वाट बघत बसू नकोस, तेवढ्यासाठी लिहितेय. गोळी घे, पूर्ण घे, आणि तुझं ऐकणारा डॉक्टर सापडेपर्यंत डॉक्टर बदलत राहा.

आता हे मेम्फिसहून का लिहितेय ते. घाबरू नकोस.

तुझ्या आईला मातीत ठेवल्यापासून माझ्या डाव्या खांद्यात काहीतरी बसलंय. लाइनवर सुरा चालवून चालवून असेल असं वाटलं. मग आठवड्यापूर्वी परसात भाजी खुडताना श्वास पुरेना. थर्मननं पाहिलं. हा माणूस, ज्याचे पाय हॉस्पिटलच्या वासानं मागे फिरायचे, त्यानं मला न विचारता गाडीत घातलं. वाटेत म्हणाला, "तू मला नेलंस तेव्हा मी तुझ्यावर चिडलो होतो, आता तू चीड."

म्हातारा डॉक्टर सुट्टीवर होता. दुसरा आला. त्यानं कागद उलटसुलट केले, म्हणाला, "बाई, सगळं ठीक दिसतंय. बहीण नुकतीच गेलीय, मन खचतं अशा वेळी. घरी जाऊन विश्रांती घ्या." आणि तो दाराकडे वळला.

मी पलंगावरून उतरले नाही. थर्मन दारात उभा राहिला. दार अडवलं असं म्हणवत नाही, पण माणूस मोठा आहे आणि दार लहान. मी म्हटलं, "डॉक्टर, माझ्या बहिणीलाही हेच सांगितलं होतं. तीसुद्धा घरी गेली." मी ओरडले नाही, डेल्फीन. खरं सांगते, ओरडायचा विचार करूनच आले होते, पण बोलले ते हळूच. तो उभा राहिला. म्हणाला, "तिला काय होत होतं?" मी सांगायला लागले. जबडा, दाढ, पाठीतला गुडघा. अर्ध्यातच त्यानं स्टूल ओढलं.

उद्या सकाळी माझ्या मांडीतून ती नळी घालणार आहेत. आत काय दिसेल ते देवाला माहीत. थर्मन कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसलाय आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारतोय. नर्सबाई त्याला वैतागल्यात. मी त्याला म्हटलं, जरा बाहेर जाऊन पाय मोकळे कर. हलायला तयार नाही.

तू ये. मॅडिसनहून बस आहे. माझं काहीही होवो, पुढचं बोलायला इथे कुणीतरी लागेल, आणि थर्मनला दारात किती वेळ उभं करायचं?

तुझी मावशी,
ओरा ली